वणीहून निघालेला लोकनायक

वर्धा नदीच्या अलीकडे वणी आणि पलीकडे वरोरा. आज मोटारीने जेमतेम तासाभरात कापले जाणारे हे अंतर. पण माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला त्या काळात या दोन गावांमध्ये जणू एक युग पसरलेले होते. वरोऱ्याला आगगाडी होती, वणीला नव्हती. वरोऱ्याच्या खाणीतला कोळसा बाहेर नेण्यासाठी १८७० च्या दशकात इंग्रज सरकारने वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला आणि तो तिथेच थांबवला. वणी परिसरातील ज्याला नागपूर गाठायचे असे, त्याने बैलगाडीने नदी ओलांडायची, वरोऱ्याचे स्टेशन गाठायचे आणि कोळशाच्या धुरात वर्ध्यामार्गे पुढे निघायचे, असा तो काळ होता.

निर्गुडा नदीच्या काठी वसलेल्या या गावातून निघालेले माधवराव पुढे बापूजी अणे म्हणून ओळखले गेले आणि लोकांनी त्यांना 'लोकनायक' ही पदवी दिली. नागपूर, अमरावती, यवतमाळ, दिल्ली, कोलंबो, पाटणा, पुणे आणि पुन्हा नागपूर-दिल्ली असे त्यांच्या आयुष्याचे मुक्काम सांगता येतात. सत्त्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात इतकी गावे बदललेला नेता विदर्भात क्वचितच सापडेल. मात्र प्रत्येक मुक्कामावर त्यांच्यासमोर एकच पेच नव्या रूपाने उभा राहिला. गावापासून दूर, सत्तेच्या किंवा संघटनेच्या केंद्रस्थानी बसलेल्या माणसाने आपल्या मातीशी इमान कसे राखावे, हा तो पेच होता.

नाव वणीचे, कचेरी यवतमाळची

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. त्या वेळी आजचा यवतमाळ जिल्हा 'यवतमाळ' या नावाने ओळखला जात नव्हता. सरकारी दप्तरात तो वणी जिल्हा होता; इंग्रज त्याचा उच्चार 'वून' असा करीत. गंमत अशी की, जिल्ह्याला नाव वणीचे असले तरी कलेक्टरची कचेरी यवतमाळला होती. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली, दारव्हा आणि पुसद हे तालुके या जिल्ह्याला जोडले गेले आणि जिल्ह्याचे नावही यवतमाळला गेले. वणी तालुक्याचे गाव म्हणून मागे राहिले.

वऱ्हाडची स्थितीही विचित्र होती. मुलूख निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये निजामाने तो इंग्रजांना कायम भाडेपट्ट्याने दिला आणि त्यानंतर वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. आपण नेमके कोणाचे, हा प्रश्न इथल्या सुशिक्षितांच्या मनात तेव्हापासूनच रुजला होता. बापूजींनी उतारवयात ज्या प्रश्नासाठी आपली सारी पुण्याई पणाला लावली, त्याची मुळे त्यांच्या बालपणातल्या या भूगोलात शोधावी लागतात.

अणे यांचे घर विद्याव्यासंगी होते. वडील श्रीहरी अणे हे विद्वान गृहस्थ म्हणून परिचित होते. संस्कृतची गोडी माधवरावांना घरातूनच लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. राजकारणाच्या धबडग्यात, तुरुंगात आणि राजभवनातही संस्कृत त्यांच्यासोबत राहिली. त्यांच्या आयुष्यातील सर्व स्थलांतरांमध्ये न बदललेला एकच पत्ता सांगायचा झाल्यास तो संस्कृत भाषेचा होता, असे म्हणता येईल.

शिक्षक ते वकील

उच्च शिक्षणासाठी वऱ्हाडातील तरुणांना तेव्हा नागपूरशिवाय पर्याय नव्हता. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून माधवरावांनी पदवी घेतली. १९०४ ते १९०७ या काळात अमरावतीत त्यांनी शिक्षकाची नोकरी केली आणि शिकवता शिकवता कायद्याचा अभ्यासही केला. मध्य प्रांतात तेव्हा विद्यापीठ नव्हते. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. त्यामुळे कायद्याची पदवी त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची मिळवली. १९०८ मध्ये त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली आणि यवतमाळ हेच पुढे त्यांचे कर्मस्थान बनले.

अमरावतीतील वर्षे त्यांच्या घडणीत महत्त्वाची ठरली. दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे अमरावती हे टिळकपक्षाचे वऱ्हाडातील प्रमुख ठाणे बनले होते. वंगभंगाची चळवळ, स्वदेशी आणि बहिष्कार यांनी वातावरण तापलेले होते. माधवराव वकील झाले त्याच वर्षी, म्हणजे जुलै १९०८ मध्ये, लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. गुरू तुरुंगात आणि शिष्य नुकताच कोर्टाच्या दारात, अशा स्थितीत त्यांच्या सार्वजनिक आयुष्याला सुरुवात झाली. टिळकांवरील त्यांची निष्ठा त्यानंतर साठ वर्षे अढळ राहिली.

टिळक १९१४ मध्ये सुटून आले आणि दोन वर्षांनी होमरूलची चळवळ सुरू झाली. वऱ्हाड-मध्य प्रांतात ती रुजवणाऱ्यांमध्ये अणे आघाडीवर होते. १९१८ च्या सुमारास त्यांनी यवतमाळहून 'लोकमत' हे साप्ताहिक सुरू केले. हे नाव स्वतः टिळकांनी सुचवल्याचे सांगितले जाते. पुढे अनेक वर्षांनी हेच नाव घेऊन विदर्भात एक मोठे दैनिक उभे राहिले, हा इतिहास सर्वांना माहीत आहे.

यवतमाळ त्या काळी कापसाचे गाव होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात तिथे छोट्या रुळांची गाडी आली. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी ही गाडी सरकारच्या नव्हे, तर किलिक निक्सन या इंग्रज पेढीशी निगडित कंपनीच्या मालकीची होती. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर पोहोचवायचा, तिथून तो मुंबईला आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये न्यायचा, हा तिचा मूळ हेतू. यवतमाळच्या माणसाला मोठ्या गाडीसाठी एकतर या छोट्या गाडीने मूर्तिजापूर गाठावे लागे किंवा रस्त्याने धामणगाव स्टेशनावर जावे लागे. वकील अण्यांचे यवतमाळ आणि पुढारी अण्यांचे दिल्ली यांच्यामध्ये हा एवढा रस्ता होता. नंतरच्या पिढ्यांनी 'शकुंतला' म्हणून जिच्यावर प्रेम केले ती ही गाडी आता धावत नाही.

गांधीयुगात टिळकांचा शिष्य

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसची सूत्रे महात्मा गांधींच्या हाती गेली. वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील टिळकभक्तांसाठी हा कठीण काळ होता. कायदेमंडळांवरील बहिष्कार त्यांना मनापासून पटलेला नव्हता. काहींनी काँग्रेसपासून अंतर राखले. अण्यांनी मात्र मतभेद कायम ठेवून काँग्रेसमध्ये राहण्याचा मार्ग पत्करला. १९२१ पासून जवळपास दशकभर ते विदर्भ प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते.

मतभेद लपवायचे नाहीत आणि मतभेदांमुळे शिस्तही मोडायची नाही, हा त्यांचा स्वभाव इथूनच दिसू लागतो. स्वराज्य पक्षाच्या काळात, १९२४ मध्ये ते वऱ्हाडतर्फे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. पुढे न. चिं. केळकर, मुकुंदराव जयकर आणि डॉ. बा. शि. मुंजे यांच्यासोबत त्यांनी प्रतिसहकाराचे राजकारण केले. सरकार ज्या प्रमाणात साथ देईल त्या प्रमाणात सहकार्य आणि विरोध करील तिथे विरोध, हे टिळकांनी अखेरच्या काळात मांडलेले सूत्र या मंडळींनी पुढे चालवले.

१९२८ मध्ये भारताच्या भावी राज्यघटनेचा आराखडा तयार करण्यासाठी मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या समितीत तेजबहादूर सप्रू, अली इमाम यांच्यासारख्या मातब्बरांच्या पंक्तीला यवतमाळचा हा वकील हिंदू महासभेच्या मताचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. वणीसारख्या गावातून आलेल्या माणसासाठी ही झेप लहान नव्हती.

पुसदच्या रानात

सभागृहाच्या राजकारणात रमलेला पुढारी रस्त्यावर उतरेल का, अशी शंका घेणाऱ्यांना १९३० साली उत्तर मिळाले. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. विदर्भाला मात्र समुद्र नाही. इथल्या शेतकऱ्याला सरकारचा जाच जाणवत होता तो जंगलात. राखीव जंगलातले गवत कापायला आणि गुरे चारायला बंदी, सरपणासाठी परवाना, आणि चूक झाल्यास दंड. विदर्भासाठी जंगलाचा कायदा हेच मीठ होते.

१० जुलै १९३० रोजी पुसद येथे बापूजी अण्यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रहाला प्रारंभ झाला. राखीव रानात शिरून विळ्याने गवत कापायचे, एवढीच कृती होती. पन्नाशीला टेकलेल्या, कायद्याच्या बारकाव्यांवर उपजीविका करणाऱ्या वकिलाने उघडपणे कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. काही दिवसांतच हे लोण जिल्ह्यात पसरले. त्याच महिन्यात यवतमाळजवळ लोहारा येथे डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनीही जंगल सत्याग्रहात भाग घेऊन कारावास भोगला. वेगवेगळ्या विचारांची माणसे यवतमाळच्या रानात एका कायद्याविरुद्ध उभी राहिली, हे या सत्याग्रहाचे वैशिष्ट्य.

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत बापूजींचे नाव पोहोचले ते दिल्लीतील भाषणांमुळे नव्हे, तर या गवताच्या पेंढीमुळे.

बेकायदा काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष

१९३२ च्या आरंभी सरकारने काँग्रेस बेकायदा ठरवली. अध्यक्ष तुरुंगात गेले की दुसऱ्याने सूत्रे हाती घ्यायची, तो गेला की तिसऱ्याने, अशी साखळी सुरू झाली. १९३३ मध्ये या साखळीत हंगामी अध्यक्षपदाची धुरा बापूजींकडे आली. त्या वर्षीच्या कलकत्ता अधिवेशनाचे नियोजित अध्यक्ष मदनमोहन मालवीय यांना वाटेतच आसनसोल येथे अटक झाली होती. अशा वातावरणात हे पद म्हणजे मान कमी आणि जोखीम अधिक, असे होते.

जुलै १९३३ मध्ये पुण्यात काँग्रेस कार्यकर्त्यांची अनौपचारिक परिषद भरली. तिचे अध्यक्षस्थान अण्यांकडे होते. सामुदायिक कायदेभंग थकला होता. तुरुंगांतून सुटलेले कार्यकर्ते पुढे काय, असे विचारीत होते. परिषदेनंतर सामुदायिक कायदेभंग स्थगित करून वैयक्तिक सत्याग्रह चालू ठेवण्याचा आणि काँग्रेसच्या संघटना तूर्त विसर्जित करण्याचा आदेश हंगामी अध्यक्ष या नात्याने त्यांनी काढला. चळवळ सुरू करण्याचे श्रेय अनेकांना मिळते. ती थांबवण्याच्या आदेशावर सही करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा टीकाच येते. बापूजींनी ती जबाबदारी टाळली नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी काँग्रेसच्या नेतृत्वाशी वेगळा सूर लावला. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने स्वीकारही नाही आणि नकारही नाही अशी भूमिका घेतली, ती मालवीय आणि अणे यांना मान्य झाली नाही. दोघांनी १९३४ मध्ये काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापन केला. कालपर्यंत ज्या संघटनेचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले, तिच्या अधिकृत भूमिकेविरुद्ध निवडणूक लढवणे सोपे नव्हते. या पक्षातर्फे बापूजी पुन्हा मध्यवर्ती कायदेमंडळात गेले.

व्हाइसरॉयच्या मंडळात

बापूजींच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त मुक्काम १९४१ मध्ये आला. दुसरे महायुद्ध सुरू होते, काँग्रेसने प्रांतिक मंत्रिमंडळे सोडली होती आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळात हिंदी सदस्यांची संख्या वाढवली. होमी मोदी, नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर बापूजी अणे यांनीही सदस्यत्व स्वीकारले. जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेलेला नेता व्हाइसरॉयच्या मंडळात बसला, हे अनेक जुन्या सहकाऱ्यांना रुचले नाही. प्रतिसहकाराच्या सूत्राशी मात्र हा निर्णय सुसंगत होता.

त्यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांचे खाते आले. वरवर पाहता हे दुय्यम खाते; पण काही महिन्यांतच जपानने ब्रह्मदेशावर चाल केली आणि तिथे पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या भारतीयांचे लोंढे घनदाट अरण्यांतून, डोंगरवाटांनी आसाम आणि बंगालकडे निघाले. १९४२ च्या पूर्वार्धात चार लाखांहून अधिक माणसे अशी परतल्याचा अंदाज आहे. उपासमार, पटकी आणि हिवताप यांनी वाटेत हजारोंचे बळी घेतले. गोऱ्यांसाठी बरी वाट आणि हिंदी लोकांसाठी बिकट वाट, अशा भेदभावाच्या तक्रारींनी देश संतापला. घर सोडून निघालेल्या या लाखो माणसांचा प्रश्न ज्या खात्याच्या टेबलावर येऊन पडला, ते खाते वणीच्या या माणसाकडे होते.

चिमूरची हाक

ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो' आंदोलन पेटले. वणीपासून फार दूर नसलेल्या, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे १६ ऑगस्टला जमावावर गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले आणि त्यानंतर आलेल्या लष्कर-पोलिसांनी गावावर सूड उगवला. घरे लुटली गेली. स्त्रियांवरील अत्याचारांच्या बातम्यांनी सारा प्रांत हादरला. त्या छापण्यावरही बंधने आली.

सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी यांनी या अत्याचारांच्या चौकशीची मागणी केली आणि ते दिल्लीला पोहोचले. त्यांनी दार ठोठावले ते बापूजी अण्यांचे. अण्यांच्या निवासस्थानीच त्यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये उपोषण आरंभले. सरकारने त्यांना तिथून हलवून परत पाठवले, तरी त्यांनी उपोषण सोडले नाही. ते ६३ दिवस चालले आणि जानेवारी १९४३ मध्ये तडजोडीनंतर सुटले.

भन्साळींनी निवडलेले दार योगायोगाने निवडलेले नव्हते. व्हाइसरॉयच्या मंडळात चिमूरची वाट ठाऊक असलेला, तिथली भाषा बोलणारा माणूस म्हणजे अणे. गृहखाते त्यांच्याकडे नव्हते आणि चौकशीचा आदेश देण्याचा अधिकारही नव्हता. परंतु आपल्या मुलखातील माणसे न्याय मागत दारात उपाशी बसली असताना मंडळातील खुर्चीचा उपयोग काय, हा प्रश्न सर्वांसमोर उभा राहिला. प्रतिसहकाराच्या राजकारणाची मर्यादा इतक्या लखलखीतपणे याआधी कधी दिसली नव्हती.

महिन्याभरातच कसोटीचा दुसरा क्षण आला. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांची प्रकृती ढासळू लागली तरी सरकार त्यांना बिनशर्त सोडण्यास तयार नव्हते. १७ फेब्रुवारी रोजी होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि बापूजी अणे या तिघांनी मंडळाचे राजीनामे दिले. गांधीजींशी अण्यांचे मतभेद जुने होते, मार्गही वेगळे होते. पण त्यांचे प्राण पणाला लागले असताना सरकारच्या बाजूला बसून राहणे टिळकांच्या या शिष्याला शक्य झाले नाही.

समुद्रापलीकडे

त्याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये बापूजी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून श्रीलंकेला, तेव्हाच्या सिलोनला गेले. वय बासष्ट. या वयात माणसे निवृत्तीचे बेत करतात. बापूजींनी समुद्रापलीकडे बिऱ्हाड हलवले.

एव्हाना वणीच्या परिसराचे भाग्यही पालटले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बल्लारशा ते काझीपेठ हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि बापूजींच्या बालपणी जिथे रूळ जवळपास संपत होते, ते वरोरा दिल्ली-मद्रास या हमरस्त्यावर आले. मद्रासहून बोट मेलने धनुष्कोडी, तिथून आगबोटीने तलाईमन्नार आणि पुन्हा आगगाडीने कोलंबो, ही त्या काळी सिलोनची रुळलेली वाट होती. १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले आणि ती वाट इतिहासजमा झाली.

सिलोनमधले काम नाजूक होते. तिथल्या चहाच्या आणि रबराच्या मळ्यांवर लाखो तमिळ मजूर राबत होते. त्यांच्या आजोबा-पणजोबांना इंग्रज मळेवाल्यांनी दक्षिण भारतातून नेले होते. सिलोन स्वराज्याच्या उंबरठ्यावर येताच हे मजूर तिथले की इथले, मताचा हक्क त्यांना द्यायचा की नाही, असा वाद पेटला. बापूजी १९४७ पर्यंत तिथे होते. पुढच्याच वर्षी सिलोनने केलेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने यांपैकी बहुसंख्य मजूर कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. ब्रह्मदेशातून परतलेले लोंढे आणि सिलोनमध्ये अडकलेले मजूर, या दोन्ही प्रश्नांनी बापूजींच्या उत्तरायुष्याचा मोठा काळ व्यापला. आपले गाव सुटलेल्या माणसाला हक्क कोणी द्यायचा, हा त्या प्रश्नांचा गाभा होता.

पाटण्याचे राजभवन

स्वातंत्र्य आले तेव्हा बापूजी संविधान सभेचे सदस्य होते. १२ जानेवारी १९४८ रोजी त्यांनी बिहारच्या राज्यपालपदाची सूत्रे घेतली आणि जून १९५२ पर्यंत ती सांभाळली. मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांच्या सरकारने याच काळात जमीनदारी रद्द करण्याचा कायदा केला. १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने तो अवैध ठरवला आणि त्यातून देशाच्या संविधानातील पहिल्या दुरुस्तीला चालना मिळाली. जंगलातल्या गवताच्या हक्कासाठी विळा हाती घेतलेला वकील आता जमिनीच्या हक्काच्या ऐतिहासिक लढाईत घटनात्मक प्रमुखाच्या आसनावर होता. योगायोग असा की, 'लोकनायक' ही पदवी पुढे ज्या दुसऱ्या नेत्याला जनतेने दिली, ते जयप्रकाश नारायण याच बिहारचे.

राज्यपालपदानंतर त्यांनी पुण्यात मुक्काम केला. वैदिक संशोधन मंडळाच्या कामात लक्ष घातले आणि आयुष्यभर मनात जपलेला संकल्प सिद्धीस नेला. लोकमान्य टिळकांचे चरित्र त्यांनी संस्कृत महाकाव्याच्या रूपात लिहिले. 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हे त्याचे नाव. हजारो श्लोकांचा हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला आणि १९७३ मध्ये त्याला संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. अमरावतीत शिक्षक असताना ज्या गुरूच्या मागे ते निघाले, त्याच्यासाठी केलेले हे तर्पणच होते.

पुन्हा विदर्भ

पंचाहत्तरी उलटलेल्या माजी राज्यपालाने ग्रंथलेखनात उर्वरित आयुष्य घालवले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण विदर्भाचा प्रश्न पेटला होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करण्याची शिफारस केली होती. ती मान्य झाली नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपद संपले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना, मराठी भाषकांनी एकाच राज्यात यावे ही भावना प्रबळ असताना, बापूजींनी स्वतंत्र विदर्भाची बाजू घेतली.

१९५९ मध्ये नागपूर लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. वयाच्या ७९ व्या वर्षात बापूजी रिंगणात उतरले आणि निवडून आले. १ मे १९६० रोजी विदर्भासह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. तरीही १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नागपूरकरांनी त्यांना अपक्ष म्हणून पुन्हा लोकसभेत पाठवले. काँग्रेसचा दबदबा शिगेला असताना एक्क्याऐंशी वर्षांचा अपक्ष उमेदवार विजयी झाला, यात विदर्भवादाचा जसा वाटा होता, तसाच बापूजींवरील श्रद्धेचाही होता. १९६७ पर्यंत त्यांनी ही खासदारकी सांभाळली. त्यांच्या या भूमिकेशी मतभेद असणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. तिच्यामागे स्वार्थ होता, असे मात्र त्यांच्या विरोधकांनाही म्हणता आले नसते. या वयात मिळवायचे काही उरले नव्हते.

२६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताक दिनी, बापूजींचे निधन झाले. त्याच वर्षीच्या पद्मविभूषण मानकऱ्यांमध्ये त्यांचे नाव होते.

घराण्याचा धागा

अणे घराण्यातील विदर्भाचा धागा बापूजींबरोबर संपला नाही. त्यांचे नातू ॲडव्होकेट श्रीहरी अणे यांनी पणजोबांचे नाव आणि आजोबांचा व्यवसाय दोन्ही पुढे चालवले. राज्याचे महाधिवक्ता असताना त्यांनी वेगळ्या राज्याच्या प्रश्नावर घेतलेल्या जाहीर भूमिकेवरून मोठे वादळ उठले आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी पदाचा राजीनामा दिला. पद आणि मत यांत निवड करायची वेळ आल्यास मताला कौल देण्याची रीत या घराण्यात १९४३ पासूनची आहे.

यवतमाळमध्ये आज लोकनायक बापूजी अणे यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. वणी आता कोळशाचे गाव म्हणून ओळखले जाते. माजरीहून निघालेले रूळही इथे पोहोचले, तेही प्रामुख्याने जमिनीखालचा कोळसा बाहेर नेण्यासाठी. इंग्रजांनी वरोऱ्यापर्यंत गाडी आणली ती कोळशासाठी आणि यवतमाळला आणली ती कापसासाठी. या भागातून संपत्ती बाहेर जाते, तिच्या मोबदल्यात भागाला काय मिळते, हा सवाल बापूजींच्या विदर्भवादाच्या मुळाशी होता. खाणींच्या धुळीत वाढणाऱ्या वणीच्या नव्या पिढीलाही तो अनोळखी वाटणार नाही.